आधी सांगायचं

बोंबील जोडीनं वाळतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. डहाणूच्या किनाऱ्यावर हेमाली पंधरा वर्षं हेच करत होती. त्या सकाळी शेजारच्या दोरीवरून लाडकी ओरडली, "काय गो हेमाली, आजपासून तीन-तीन टांगायचे काय?"

बायका खिदळल्या. हेमालीच्या हातातल्या बोंबलाचा जबडा मोडला.

लग्न मोकळं ठेवायची कल्पना तिच्या नवऱ्याची, जतीनची. मोबाइलवर काहीबाही बघून तो बोलला. ती महिनाभर गप्प राहिली आणि मग हो म्हणाली, कारण बोर्डीचा एक माणूस तिला आवडत होता आणि ते लपवण्याचा तिला वीट आला होता. दुसऱ्या कुणाकडे जायची दोघांना सारखी मोकळीक. आधी सांगायचं, मग जायचं. तिसऱ्या माणसाची अब्रू जपायची. एवढंच ठरलं होतं.

जतीनने आधी सांगितलं खरं. पण समुद्रात मोबाइल लागेना, म्हणून काल बोटीवरच्या वायरलेसवरून बापाला सांगितलं, "हेमालीला सांग, उद्या संध्याकाळी डिझेल घ्यायला बोट उंबरगावला लावतोय. दोन दिवस निर्मलाकडे राहीन. ठरल्याप्रमाणे." बंदरातल्या सगळ्या बोटी तेच ऐकत असतात. संध्याकाळपर्यंत निर्मलाच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. जतीनला कुणी काही म्हटलं नाही.

हेमाली तशीच घरी आली. सासरे, नारू, वायरलेसपाशी बसले होते.

"मनावर घेऊ नको बाय. पोरगा खोटं तर नाय ना बोलला? पुरुषमाणूस हाय."

"आणि मी?"

"तुझं काय?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. तिच्या अंगाची आग झाली. तिने त्यांच्या हातातून माइक ओढून घेतला.

"जतीन, हेमाली बोलतेय. गुरुवारी मी जातेय. ठरल्याप्रमाणे आधी सांगतेय. त्याचं नाव घेणार नाही. नाव घेऊ का, हे त्याला मी विचारलेलं नाही. तू निर्मलाला विचारलं होतंस?"

खरखर. कुणीतरी शिट्टी मारली. मग जतीन, "येड लागलं काय? सगळे ऐकतायत!"

"काल पण ऐकत होते."

"तू जायचं नाय, सांगून ठेवतो."

"मग ठरलेलं मोडलं म्हण. सगळ्यांच्या देखत म्हण."

सासऱ्यांनी वायरलेस बंद केला.

गुरुवारी ती बोर्डीच्या बसमध्ये बसली. भेटीची ओढ उरलीच नव्हती. जतीनने तीही नासवली होती. होता तो नुसता राग, तळव्यांपर्यंत. वाटेत दोनदा उठावंसं वाटलं.

ती उतरली नाही.