आयत्या वेळचे दोन शब्द

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माझ्या साडूंइतकं तयारीनं बिनतयारीचं भाषण करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून इंग्रजी वाक्यं घोटली, आणि तेव्हापासून आम्हाला कुठल्याही कार्यात सुखानं जेवता आलेलं नाही. पद्धत ठरलेली. आदल्या दिवशी यजमानांना फोन करायचा, "मला अचानक बोलवा हां." मग नाव पुकारलं की दचकायचं, मान हलवून नको नको म्हणायचं, आणि माइक मात्र दुसऱ्याच्या हातून ओढून घ्यायचा. "वेल, धिस इज अ सरप्राइज. आय विल कीप इट शॉर्ट." हे शॉर्ट संपेपर्यंत पानातली जिलेबी मऊ पडते. सोनिवलीला एका वास्तुशांतीत ते बोलले, चामटोलीच्या बारशात बाळ रडून रडून झोपलं तरी बोलतच होते. एका शोकसभेत तर "थँक यू फॉर पुटिंग मी ऑन द स्पॉट" म्हणून त्यांनी थेट हार घातलेल्या फोटोकडे हसून पाहिलं. मी मान खाली घातली ती चहा येईपर्यंत वर केली नाही.

असल्या वाचाळ माणसानं पोटच्या पोरीशी मात्र कित्येक महिने अबोला धरला. तिनं उल्हासनगरचा सिंधी मुलगा स्वतःच पसंत केला, एवढाच तिचा गुन्हा. त्यांच्याकडच्या साखरपुड्याला पक्की मिसरी म्हणतात. एकमेकांना खडीसाखर भरवून नातं पक्कं करायचं. त्या दिवशी बाबा येतात की नाही म्हणून पोरगी नटूनथटून हॉलच्या दारातच उभी होती. साडू आले, तिच्याकडे न बघता मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

मुलाच्या वडिलांनी, कापडाच्या धंद्यातल्या त्या भल्या माणसानं, सरळ माइक आणून त्यांच्या हातात दिला. "भाईसाहब, दो शब्द आप भी बोलो." या खेपेला आधी फोन वगैरे काही झालेला नव्हता. आता सरप्राइज ऐकावं लागणार म्हणून मी कपाळाला हात लावला.

साडू उभे राहिले. मग चक्क मराठीत म्हणाले, "ही रागावली की जेवत नाही. दोनदा विचारावं लागतं. मी एवढ्यात विचारलं नाही. तुम्ही विचारत जा."

एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला आणि खाली बसले. मुलगी आली, मिसरीचा खडा त्यांच्या तोंडात घातला आणि त्यांचा हात धरून शेजारी बसून राहिली. या माणसाचं भाषण कधी संपतंय म्हणून मी वर्षानुवर्षं घड्याळ बघत आलो; त्या दिवशी मात्र त्यांनी अजून थोडं बोलावं असं फार वाटलं.