अर्बाबची न अडणारी बंदूक

चंद्रहास मेस्त्री बंदुका दुरुस्त करतो असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग दाराकडे. खरं तर मस्कतच्या गाला भागात त्याच्या दुकानाइतकं कायद्याला धरून चालणारं दुकान शोधून सापडणार नाही. डावीकडे टायरवाला, उजवीकडे एसी दुरुस्त करणारा आणि मधे हा. प्रत्येक बंदुकीचा परवाना बघितल्याशिवाय तो तिला हात लावत नाही. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक नेमबाजी क्लबात जाणारी ओमानी मंडळी. तिथे मातीच्या तबकड्या यंत्राने हवेत उडवतात आणि हे त्या फोडतात. कधी एखादा डोंगराकडच्या गावातून आजोबांची रायफल घेऊन येतो. ती उडवायची नसते, लग्नात खांद्यावर घेऊन मिरवायची असते, पण तरी तिचा चाप नीट चालला पाहिजे.

मी त्याच गल्लीत स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर होतो आणि बरीच वर्षं आम्ही एका फ्लॅटमध्ये राहिलो. तेवढ्या आधारावर हे लिहितो आहे. बंदुकीतलं मला जे काही कळतं ते चंद्रहासने जेवताना सांगितलेलं आहे, आणि जेवताना तो दुसरं काही सांगत नसे.

तो कुडाळकडचा. त्याचे वडील बागायतीची राखण करणाऱ्यांच्या बंदुका नीट करून देत. माकडं आणि डुकरं हाकलायला त्या भागात पूर्वीपासून परवान्याच्या बंदुका आहेत. चंद्रहास ते काम बघत मोठा झाला, पुढे ओमानला आला आणि इथल्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनच्या प्रेमात पडला. या बंदुकीत दर वेळी चाप ओढावा लागतो, पण पुढचं काम ती स्वतः करते. बार उडाला की थोडासा गॅस एका बारीक भोकातून मागे येतो, त्याच्या धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवं आत बसतं. भोक तुंबलं किंवा स्प्रिंग थकली तर रिकामं काडतूस धड बाहेर नाही, धड आत नाही असं दारातच अडकून राहतं. इथे धूळ आहेच. त्यात मालक लोक प्रेमाने तेल ओततात आणि तेलावर धूळ बसून आत पिठलं होतं. चंद्रहास हे पिठलं काढायचा.

"नाना, अख्ख्या ओमानात इचार," तो मला म्हणायचा, "माझ्या हाताखालना गेलेली बंदूक परत अडली असा एक माणूस सांगूदे."

मी कुठे विचारायला जाणार? पण अडणारी एक बंदूक होती, तिला हात लावायला मात्र त्याला कधी मिळालंच नव्हतं, आणि ती होती दुकानाच्या मालकाची, म्हणजे इथल्या भाषेत अर्बाबची.

हिलाल अर्बाब साठीचा, उंच, दाढी नीट राखलेला, बोलायला फार गोड. हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो क्लबात जाई. तिथे त्याच्या बायकोचा भाऊ मुसल्लम असे, आणि दोघांची वर्षानुवर्षं चाललेली चुरस असे. अर्बाबची बंदूक इटलीची, लाकूड असं की हात फिरवावासा वाटावा. पण ती अडायची. क्लबातल्या त्यांच्या नियमाप्रमाणे बंदूक अडली की ती तबकडी मोजत नसत, पुन्हा उडवत. तरीही अर्बाब हरायचा. मग सगळे वडीलधारे कहवा आणि हलवा घेऊन बसत आणि बंदुकीवर चर्चा होई. बंदुकीला दोष देता येतो तोवर माणसाला द्यायचा नाही, अशी त्या बैठकीची रीत होती, आणि ती फार सभ्य रीत होती असं मला अजूनही वाटतं.

चंद्रहासने अनेकदा ती बंदूक मागितली. अर्बाब म्हणायचा, "बाद में, उस्ताद. इन्शाल्ला." आम्हाला वाटायचं, मोठा माणूस, सवड नसेल.

या बैठकीतल्या बातम्या आणायचा हारून. हा अर्बाबचा ड्रायव्हर, रत्नागिरीच्या खाडीकाठचा. अरबी त्याला उत्तम समजायची, आणि आपल्याला काही समजत नाही असा चेहरा करणं त्याहून उत्तम जमायचं. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तो दुकानात आला आणि टेबलावर टेकून म्हणाला, "मेस्त्री, काल मुसल्लमशेठ काय बोलला माहीत आहे? म्हणाला, हिलाल, तुझा उस्ताद गावभरच्या बंदुका बऱ्या करतो आणि घरातली पेशंट तशीच. सगळे हसले."

"अर्बाब काय म्हणालो?"

"तो पण हसला."

चंद्रहास हसला नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही. त्याच्या दृष्टीने मुसल्लम अर्बाबला नाही, त्यालाच बोलला होता.

पुढे अर्बाब उन्हाळ्याचे दोन महिने थंड हवेच्या सलालाला गेला. बंदूक दुकानाच्या तिजोरीत होती आणि किल्ली चंद्रहासकडे. त्याने ती काढली. आतलं सगळं सुटं करून धुतलं, भोक मोकळं केलं, स्प्रिंग नवी घातली, काडतूस जिथे बसतं ती जागा आरशासारखी घासली. क्लबातल्या प्रशिक्षकाकडून ती तासभर उडवून घेतली. एकदाही अडली नाही. घरी येऊन मला म्हणाला, "नाना, आता ही बंदूक मालक ईसारलो तरी आपणहून काम करीत."

अर्बाब परत आला तेव्हा चंद्रहासने मखमली कापडावर ठेवून ती त्याच्यापुढे केली. मी योगायोगाने तिथेच होतो. अर्बाबने बंदूक उचलली, खटका मागे ओढला, सोडला. रेशमासारखा आवाज आला. "माशाल्ला," तो म्हणाला. पण लग्नात तिसरा सारखाच डिनर सेट आला की नवरामुलगा जसं 'वा' म्हणतो, तसं ते माशाल्ला होतं. चंद्रहासला एवढाच शब्द ऐकू आला.

थंडी सुरू झाल्यावर पहिल्या शुक्रवारी अर्बाबच्या बंदुकीने प्रत्येक वेळी बार काढला. अर्ध्याहून जास्त तबकड्या अखंड खाली आल्या. हारून सांगत होता, "काय शांतता होती मेस्त्री त्या बैठकीत! कहवा ओतल्याचा आवाज येत होता. शेवटी मुसल्लमशेठ म्हणाला, हलवा यंदा चांगला आहे."

शनिवारी अर्बाब दुकानात आला. बंदुकीकडे न बघता म्हणाला, "उस्ताद, ये बंदूक अब बहुत जल्दी करता है. पहले थोडा आराम से था."

चंद्रहासला ही तांत्रिक तक्रार वाटली. धक्का जास्त बसत असेल म्हणून त्याने दस्त्यामागे मऊ रबर बसवलं, चाप हलका केला. बंदूक आणखी सुंदर चालायला लागली. पुढच्या शुक्रवारी अर्बाब आणखी वाईट हरला. आता दोष द्यायला स्प्रिंगही नव्हती आणि धक्काही नव्हता.

त्याच सुमारास चंद्रहासचं रेसिडेंट कार्ड संपत आलं होतं. ते नवं करायचं तर अर्बाबची सही हवी. दर वेळी कागद जात आणि दुसऱ्या दिवशी सही होऊन येत. या वेळी अर्बाब म्हणाला, "देखेंगे, इन्शाल्ला." इन्शाल्ला म्हणण्याच्या किती तऱ्हा आहेत हे आखातात राहिलेल्याला सांगायला नको. ही त्यातली कागद खणात ठेवतानाची होती.

चंद्रहास घाबरला. गावी मुलगा धनंजय ये ये म्हणत होता, घर बांधून झालं होतं. पण गावी त्याची वाट बघत होती ती एक आरामखुर्ची. इथे तो उस्ताद होता. कुडाळला त्याला फार तर धनंजयचे बाबा म्हणाले असते.

"माझा चुकला काय?" तो मला विचारत राहिला. मला काय ठाऊक. मी म्हटलं, हारूनला विचारू.

हारूनला आम्ही फ्लॅटवर जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं होतं. दुसऱ्या वाढपापर्यंत तो मन लावून जेवला. मग बोटं चाटत म्हणाला, "मेस्त्री, रागावू नका. तुम्ही बंदूक दुरुस्त केलीत आणि माणूस मोडलात."

"म्हणजे?"

"म्हणजे इतकी वर्षं अर्बाब हरत नव्हता, बंदूक हरत होती. एवढं मोठं बंदुकीचं दुकान ज्याचं आहे, त्याने आपलीच बंदूक का दिली नसेल दुरुस्तीला? तुम्हाला कधी सुचलं नाही?"

चंद्रहासने हातातला घास ताटात ठेवला. मलाही सुचलं नव्हतं, पण माझ्याकडून कोणी तशी अपेक्षा केली नव्हती.

"मग आता मी काय करूचा?"

"सोपं आहे. चिमूटभर वाळू टाका आत. बाहेर काय कमी आहे का वाळू?"

चंद्रहास असा उठला की खुर्ची मागे पडली. "वाळू? माझ्या हातान? मेल्या, तू माझ्या घरात बसान माझा बांगडो खातंस आणि माका वाळू घालूक सांगतंस?"

"वाळू नको तर तेल ओता."

"मी बंदूक बिघडवूचंय नाय! कार्ड गेला तरी चलात!"

"मग गावी जाऊन माकडं हाकला," हारून म्हणाला आणि पुन्हा भात घेतला.

मला वाटलं, संपलं. गेला हा गावी. पण दोन-तीन दिवसांनी चंद्रहास दुकानातून आला तो चेहरा उजळलेला. खिशातून दोन लाल काडतुसं काढून माझ्यापुढे ठेवली.

"फरक सांग."

मला दोन्ही एकसारखी दिसली. एकाच कंपनीची, एकाच रंगाची. फरक होता तो पितळी कडेपाशी छापलेल्या बारीक आकड्यात. एक नेहमीचं, दुसरं नवशिक्यांसाठी कमी भाराचं. छर्रे तबकडीपर्यंत नीट जातात, कोणाला काही इजा व्हायचा प्रश्न नाही; पण मागे येणारा धक्का कमी पडतो आणि अर्बाबच्या बंदुकीतून रिकामं काडतूस पुरतं बाहेर पडत नाही.

"बंदूक स्वच्छ आसा," चंद्रहास म्हणाला. "बंदूक कधीच अडणा नाय. काडतूस अडता. तेतूर माझो काय दोष?"

त्याची नीती मला पूर्णपणे पटली असं नाही, पण तिच्यात कुठे अडायची जागा नव्हती. काडतुसाची कंपनी परदेशात होती आणि ती काही कहवा प्यायला येणार नव्हती.

मग अर्बाबसाठी दुकानातून जाणाऱ्या काडतुसांच्या खोक्यात त्याने दोन्हींचं मिश्रण करायला सुरुवात केली. हे काम त्याने जितकं मन लावून केलं तितकं बंदुकीचंही केलं नसेल. हलकी फार घातली तर संशय येईल, कमी घातली तर उपयोग नाही. पहिल्या शुक्रवारी एकदाच अडली. हारून म्हणाला, चर्चेला पुरली नाही. दुसऱ्या शुक्रवारी इतकी अडली की मुसल्लमने स्वतःची बंदूक देऊ केली. हे तर भलतंच संकट होतं. अर्बाबने पाठ धरल्याचं सांगून वेळ निभावली. तिसऱ्या शुक्रवारी प्रमाण जमलं. अर्बाब हरला, पण सन्मानाने. बैठकीत काडतुसांवर असं बोलणं रंगलं की कहवा दोनदा करावा लागला. हल्लीची काडतुसं, हल्लीचे कारखाने, हल्लीचं जग. आणि अर्बाब सर्वांसमोर म्हणाला म्हणे, की असल्या काडतुसांवरसुद्धा ही बंदूक एवढी चालते ती केवळ माझ्या उस्तादामुळे.

हे ऐकून चंद्रहासने हारूनकडून ते वाक्य पुन्हा अरबीत म्हणून घेतलं.

आठवडाभरात अर्बाब दुकानात आला. मी एका बेअरिंगच्या कामासाठी तिथे गेलो होतो. त्याने आधी नवं कार्ड टेबलावर ठेवलं. मग अंगातल्या लांब पांढऱ्या दिशदाशाच्या खिशातून एक लाल काडतूस काढलं. चष्मा लावला. कडेवरचा बारीक आकडा सावकाश वाचला आणि तो आकडा चंद्रहासकडे येईल असं काडतूस कार्डाच्या शेजारी उभं केलं.

चंद्रहासच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता.

"बंदूक एक नंबर, उस्ताद," अर्बाब म्हणाला. "कारतूस खराब."

"हां अर्बाब."

"यही मँगाना. दूसरा नहीं."

चष्मा काढून तो निघून गेला. दाराबाहेर हारून आपल्याला काही समजत नाही असा चेहरा करून गाडी पुसत होता.

चंद्रहास अजून गाल्यातच आहे. दुकान चांगलं चालतं. पण बढाई मारणाऱ्या माणसाला आयुष्यातलं सर्वांत नाजूक काम कोणालाच सांगता येऊ नये, ही शिक्षा मी त्याला भोगताना बघतो. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा सोहारचा एक तरुण नेमबाज बंदूक घेऊन आला होता. इकडेतिकडे बघत त्याने हिंदीत विचारलं, "उस्ताद, सुना है आपके अर्बाब की बंदूक अभी भी अटकती है? आपने ही बनाई है ना?"

पूर्वीचा चंद्रहास असता तर त्याने त्या पोराला बंदुकीसकट बाहेर काढलं असतं. आता त्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

"कारतूस, साहब," तो म्हणाला. "आजकल कारतूस बहुत खराब आता है."

पोराने मान डोलावली, बंदूक ठेवली, पावती घेतली. तो रस्ता ओलांडेपर्यंत चंद्रहास हसतमुखाने उभा होता. मग मला मागच्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं आणि मालवणीत इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या एसीवाल्याने भिंत वाजवली.