दत्ताच्या तसबिरीमागचा जोड

आमच्या डोंबिवलीच्या घरात भिंतीभिंतीवर देव होते आणि त्याचा भक्तीशी काडीचाही संबंध नव्हता. बाबांना देव आठवायचा तो परीक्षेच्या निकालाला, नाहीतर गाडी चुकायच्या बेतात असली की. घरात देव आले ते विजेमुळे.

आमच्या गल्लीत विजेचे खांब आले ते पंचावन्न सालच्या आसपास. शेजाऱ्यांनी भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांतून तारा नेल्या होत्या. बाबांना ते पसंत नव्हतं. फोर्टातल्या कचेरीतल्या आपल्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी एकदा अशी भिंत पाहिली होती की जिच्यावर तार म्हणून दिसत नव्हती. सगळं भिंतीच्या पोटात. तेव्हापासून आमच्या बैठ्या घराचा बंगला करायचं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून माझं लग्न जमवायचं होतं. पाहुणे येतील, गुळगुळीत भिंत पाहतील आणि घराणं ओळखतील, असा त्यांचा होरा. भिंतीवरून घराणं ओळखणारे पाहुणे मला अजून भेटायचेत.

वायरमन कल्याणचा होता. त्याने भिंतींना खाचा पाडल्या, लोखंडी नळ्या बसवल्या आणि जमेल तिथे सलग तार ओढली, म्हणजे मध्ये जोडच नको. पण दिव्याकडे एक फाटा, बटणाकडे दुसरा, असं जिथे होतं तिथे जोड द्यावाच लागणार होता. त्याचे दोन प्रकार होते. एक, तारा एकमेकींत पिळायच्या, कथील वितळवून डाख द्यायचा, पट्टी गुंडाळायची आणि वरून प्लास्टर मारून मोकळं व्हायचं. दुसरा, भिंतीत लोखंडी डबी बसवायची, आत चिनी मातीच्या तुकड्यात तारा स्क्रूने आवळायच्या आणि वर उघडता येईल असं झाकण लावायचं.

बाबांना अर्थात पहिला आवडला. वायरमनने खिडकीतून पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “गाडा म्हणाल तर गाडतो, साहेब. पण जोड कधी ना कधी ढिला होणार, तापणार. तेव्हा मला बोलवू नका. मी भिंत फोडायला येत नाही.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आयुष्यात तार हातात धरली नव्हती, पण मोऱ्या भरपूर साफ केल्या होत्या. मोरीवर जाळी बसवतात, मोरी बुजवत नाहीत, एवढंच ती म्हणाली आणि डब्या बसल्या.

बाबा फुगून बसले. ती वाटोळी झाकणं त्यांना देवीच्या व्रणांसारखी दिसायची. शेवटी आईनेच कल्याणच्या बाजारातून तसबिरी आणल्या आणि एकेका झाकणावर एकेक देव टांगला. स्वयंपाकघरात लक्ष्मी, माजघरात गणपती, बाहेरच्या खोलीत दत्त. दिवा लुकलुकायला लागला की आई म्हणायची, जरा गणपती काढून बघा हो. नव्या माणसाला वाटायचं, या घरात किती श्रद्धा.

आता माझ्या डाव्या कानाचं सांगते. लहानपणी तो फुटला आणि त्या बाजूने ऐकू येणं बंद झालं. उजवा ठणठणीत. पण आधीच्या एका स्थळाच्या वेळी मुलाच्या काकांनी डावीकडून विचारलं, पुरणपोळ्या येतात का, आणि मी भिंतीकडे बघत राहिले. मुलगी शिष्ट आहे म्हणून निरोप आला. तेव्हापासून माझं लग्न कोपरीच्या आत्याने हातात घेतलं. तिचा नियम साधा होता, कानाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लग्नानंतर कळेल तेव्हा कळेल.

मला मात्र ते पटत नव्हतं. लग्नानंतर कळेल तेव्हा मी त्या लोकांच्या घरात असणार होते आणि आत्या कोपरीत. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, जास्त शहाणपणा करू नकोस.

ठाण्याचं स्थळ तिनेच आणलं. दिवस गुरुवारचा धरला. माझी खुर्ची अशी मांडली की डावा कान दत्ताच्या भिंतीकडे आणि पाहुणे सगळे उजवीकडे. बाबा भिंतीची तयारी करत होते. दत्ताची तसबीर खालच्या झाकणामुळे पुढे झुकायची, ते त्यांना खुपत होतं. कुणाला न सांगता त्यांनी झाकणच काढून टाकलं. तसबीर भिंतीला छान चिकटून बसली. ते काढताना त्यांनी चुकून आतले स्क्रूही ढिले केले असावेत. मग आत्या आंघोळ करून आली आणि दत्ताचा वार म्हणून तिने पाणी ठिबकणारा झेंडू तसबिरीच्या मागे देठासकट खुपसला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. पोहे झाले. प्रश्न सगळे उजवीकडून आले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली. आत्याचा चेहरा फुलला होता. दिवेलागणीची वेळ झाली तसे बाबा उठले आणि नाटकाचा पडदा वर करावा तशा ऐटीने त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, सगळ्यांनी रीतीप्रमाणे त्याला हात जोडले. तेवढ्यात दत्ताच्या मागे फट् असा आवाज झाला, रबर जळाल्याचा वास आला आणि खोलीत अंधार झाला.

मुलगा पटकन उठला. मेन स्विच कुठे आहे ते विचारून त्याने तो आधी बंद केला. आईने कंदील आणला आणि जवळ मीच होते म्हणून माझ्या हातात दिला. मुलाने तसबीर उतरवली. मागे उघडा जोड, निसटलेल्या दोन तारा आणि ओला झेंडू. बाबा छताकडे बघायला लागले.

त्याने रुमालाने सगळं कोरडं केलं आणि मग थांबला. तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. बराच वेळ काही होईना म्हणून मी वळून पाहिलं, तर तो माझ्याकडे उत्तराची वाट बघत असल्यासारखा बघत होता. पलीकडून आत्याने लगेच सावरून घेतलं. “लाजते हो ती.”

हे वाक्य मला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आलं. मला चीडच आली.

“लाजत नाही,” मी म्हटलं. “या कानाने मला ऐकू येत नाही. या बाजूला येऊन विचारा.”

झालं, हेही स्थळ गेलं, असं मनात आलं, आणि खरं सांगते, रडूही आलं. मुलगा मागून वळसा घालून माझ्या उजवीकडे आला, वाकला आणि अगदी हळू बोलला.

“यातली लाल तार कोणती? मला लाल आणि काळी सारखीच दिसते. इथे सांगू नको म्हणून आईने बजावलंय.”

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मला फस्सकन हसू फुटलं. मी कंदील वर धरला आणि लाल तार दाखवली. त्याने स्क्रू आवळले, फ्यूज बांधला आणि झाकण मागितलं. बाबांनी निमूटपणे ते कोटाच्या खिशातून काढून दिलं.

दिवा लागल्यावर मुलगा सरळ म्हणाला, “आई, माझ्या डोळ्यांचं मी यांना सांगितलंय.” त्याच्या आईने आत्याकडे पाहिलं, आत्याने त्याच्या आईकडे पाहिलं आणि दोघींनाही एकदमच पाणी प्यावंसं वाटलं. दत्त पुन्हा भिंतीवर गेले, पूर्वीसारखे थोडे पुढे झुकलेले.

त्यांच्याकडून होकार येतो की नाही याची आत्याने पुढे आठवडाभर काळजी केली. मी केली नाही. माझा होकार कंदील हातात असतानाच देऊन झाला होता.

आमच्या ठाण्याच्या घरात डब्यांची झाकणं भिंतीवर सरळ दिसतात, त्यांवर देव नाहीत. विजेचं काही काम निघालं की मेन स्विच बंद करून हे स्टुलावर चढतात आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहते, म्हणजे माझा उजवा कान त्यांच्याकडे. हे विचारतात, “लाल?” आणि मी तार दाखवते.