खिशातला टोच्या

आंधळगावच्या रस्त्याला माझ्या शेताला लागून ज्याचं शेत आहे, त्याच्या खिशात कायम टोच्या असतो. धानावर औषध मारून झालं की तो रिकामी बाटली तीनदा विसळतो, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततो आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडतो. मग धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून फिरून दुसऱ्यांनी फेकलेल्या बाटल्याही टोचतो. बोलतो मोजकंच, पण प्रत्येक गोष्ट दोनदा. "नियम आहे भाऊ, नियम आहे." सगळे हसायचे. मला मात्र त्याची जरा धास्तीच वाटायची. बोलताना तो माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या वस्तूकडे बघायचा.

परवा भर दुपारी तो पाणी प्यायला घरी आला. गडवा तोंडाला लावता लावता त्याची नजर चुलीजवळच्या बाटलीवर अडकली. तिच्यात जवसाचं तेल होतं. तो उठला आणि काही न विचारता त्याने बाटलीत टोच्या खुपसला. तेल जमिनीवर पसरलं.

"पागल झाला का गा?" मी ओरडलो.

"औषधाची बाटली आहे भाऊ, औषधाची."

"धुतली होती ना मी!"

"किती खेपा?"

हे त्याने एकदाच विचारलं.

मला आठवेना. आत माझ्या दोन्ही पोरी त्याच तेलातली भाजी खाऊन झोपल्या होत्या. हाक मारावी आणि ओ आली नाही तर, या भीतीने मी हाक न मारता दारातच थांबलो.