कवठी चाफा चोरायची सहल

माझ्या नणंदेचं ठाम मत आहे की विकत आणलेलं रोप मरतं, मागून आणलेलं कसंबसं जगतं आणि चोरून आणलेलं मात्र फोफावतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हे मत फक्त तिचंच नाही. प्रत्येक ग्रिलमधून लोंबणारा मनीप्लांट कुणाकडून तरी चोरलेला आहे, आणि ज्यांच्याकडून चोरलाय त्यांनीही तो पलीकडच्या विंगमधून उचललेला आहे. या चोरीची एक शिस्त आहे. पाहुणी कुंडीकडे बघत "काय छान आलंय हो" म्हणाली, की घरमालकीण समजून जाते आणि "चहा टाकते" म्हणून आत जाते. चहाला पुरेसा वेळ लावते. बाहेर आली की फांदी गायब असते आणि पाहुणी पंख्याकडे बघत असते. निघताना थँक्यू म्हणायचं नाही. म्हटलं, की रोप मेलंच.

ताईंना (नवऱ्याची थोरली बहीण म्हणून मी तिला ताईच म्हणते) हवा होता कवठी चाफा. लग्नानंतर त्या विक्रोळीच्या चाळीत राहायच्या, तेव्हा गॅलरीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी तो लावला होता. छोट्या अंड्यासारखी कळी, दिवेलागणीला उमलायची, तीही मान खाली घालून. वास पिकलेल्या फळासारखा, अख्ख्या मजल्यावर. चाळ पाडली तेव्हा टेंपोत कपाटाखाली तो डबा चेपला गेला आणि झाड गेलं. पुढे मुलुंडला आमच्याच सोसायटीत घर झालं, बाल्कनी मिळाली, पण कवठी चाफा काही मिळेना. एका नर्सरीने दिला तो फुलल्यावर भलताच चाफा निघाला. दुसरीकडून आणलेला खरा होता, तो आठवड्यात वाळला. तिसराही वाळला. तेव्हापासून ताईंनी विकतच्या रोपांशी बोलणंच टाकलं.

मग आमच्या महिला मंडळातल्या एकीने ग्रुपवर फोटो टाकले. गाइड घेऊन एका दिवसात बघून यायचं, समुद्रातलं बागेचं बेट. फोटोत ती होती, तिचा नवरा होता आणि मागे एक झाड होतं. ताईंनी दोन बोटांनी नवऱ्याला स्क्रीनबाहेर ढकललं आणि पानं मोठी करून बघितली.

"कवठी," त्या म्हणाल्या. असा आवाज त्यांनी मुलाला नोकरी लागली तेव्हाही काढला नव्हता.

"मग फांदी आणू," मी म्हटलं.

"फांदी खोचून लागत नाही गं तो. गुटी बांधावी लागते."

गुटी म्हणजे झाडावर असलेल्या फांदीचीच बोटभर साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. पावसाळाभर तशीच ठेवायची. आत मुळं फुटली, की खालून कापून कुंडीत लावायची. म्हणजे ही चोरी दोन फेऱ्यांत करायची होती. पावसाच्या आधी जाऊन बांधायचं, पावसानंतर जाऊन कापायचं. मी आयुष्यात एवढी दूरदृष्टी असलेली चोरी ऐकली नव्हती. मी लगेच सामील झाले.

माझा नवरा म्हणाला, "पकडल्या गेलात तर माझं नाव सांगू नका."

"तू कोण आहेस नाव सांगायला?" ताई म्हणाल्या.

मेअखेरीस, बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या सहलीत आम्ही होतो. पहाटे बस निघाली, दहिसर चेकनाक्यापर्यंत सगळ्यांचे उपम्याचे डबे संपले आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा पोळ्यांचे डबे उघडले होते. ताईंच्या मांडीवर मात्र एक डबा होता, तो त्या कुणाला उघडू देत नव्हत्या.

"काय आहे त्यात?" शेजारचीने विचारलं.

"पथ्याचं," ताई म्हणाल्या. आत रात्रभर भिजवलेलं शेवाळ, प्लास्टिक, सुतळी आणि फळं कापायची सुरी होती.

गाइड तिशीतला, बेटासमोरच्या गावातला. हातात पिवळी छत्री, कमरेला स्पीकर, तोंडापुढे माइक. बोटीतच त्याने नियम सांगितले. "मॅडम, हात लावायचा नाही, खुडायचं नाही. पडलेलं फूल उचललं तर चालेल, पण आधी मला दाखवायचं." मग त्याने आमच्या पिशव्यांकडे बघितलं. "एवढ्या मोठ्या पिशव्या कशाला आणल्यात?"

"डबे आहेत," सगळ्या म्हणाल्या.

बेट बघून मी मात्र चोरीबिरी विसरले. कुणा हौशी शेटने कधीकाळी लावलेली बाग, आता एक ट्रस्ट सांभाळतो. शिंपल्यांच्या कडांची पायवाट, केवड्याचं बन, गोड्या पाण्याचं तळं आणि त्यात कमळं, आणि हे सगळं चारही बाजूंनी खाऱ्या पाण्यात. समुद्राला कळू न देता कुणीतरी संसार मांडावा तसं. गाइड उत्साहाने माहिती देत होता आणि दर वळणावर माणसं मोजत होता. दर वेळी एक कमी भरायचं, कारण ताई पुढे जाऊन टेहळणी करत होत्या.

तळ्यापाशी त्या परत आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "सापडलं. वळणाच्या मागे. फुलं आहेत गं त्याला." त्यांनी डोळ्यांनी गाइड दाखवला. "तू ह्याला इथे धरून ठेव."

मी सोसायटीच्या गणपतीत वर्षानुवर्षं नाटकात काम करते. दर वेळी मला सासूच करायला देतात, मरायचा प्रसंग कधी देत नाहीत. ही कसर आज भरून निघणार होती. मी कपाळाला हात लावला, "मला काहीतरी होतंय" म्हटलं आणि हिरवळ कुठे मऊ आहे ते बघून पडले.

सुरुवात फार छान झाली. गाइड धावला, त्याने छत्री माझ्यावर धरली. पण मंडळातल्या बायकांचा उत्साह मी जमेला धरला नव्हता. एकीने तोंडावर पाणी मारलं. दुसरीने पुरीच्या डब्यातला कांदा नाकाशी धरला.

"कांद्याने काय होतंय? चप्पल हुंगवा, चप्पल."

"ते फिट आल्यावर गं."

"मग हिला काय आलंय?"

"उपवास होता का हिचा?"

"हिचा? बसमध्ये माझे दोन वडे खाल्लेत."

मी डोळे मिटून हे सगळं सहन केलं. पण तेवढ्यात गाइड शांतपणे म्हणाला, "मावशींना धक्क्यावर पाठवतो. बोट तयार आहे. सोबत कोण जाईल? ह्यांच्या घरचं कोण आहे?"

मावशी म्हटलेलं मी एक वेळ विसरले असते.

"हिची नणंद आहे ना," कुणीतरी म्हणालं. "कुठे गेली?"

सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मी ताडकन उठून बसले. "आता बरं वाटतंय," मी म्हटलं. "कांद्याने फरक पडला." कांदा धरलेली बाई पुढे महिनाभर तोऱ्यात होती.

तेवढ्यात वळणामागून ताई आल्या. पदराला हात पुसत, चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा. "काय झालं हिला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या अभिनयाला मी दहातले दोन देईन.

पुढचा थांबा अर्थातच ते झाड होतं. एका बुटक्या फांदीवर प्लास्टिकची नवी पुडी सुतळीने बांधलेली, लांबूनही दिसत होती. गाइड थबकला. मग तो खूश होऊन माइकमध्ये म्हणाला, "अरे वा. हे बघा मॅडम, ह्याला गुटी म्हणतात. आमच्या माळ्याने बांधलेली दिसते." आणि त्याने आमच्या चोरीवर सविस्तर माहिती दिली. शेवटी पुडी जवळून बघून म्हणाला, "पण जरा सैल बांधलीय. टिकेल असं वाटत नाही."

ताईंनी तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"सैल?" त्या दातांतून पुटपुटल्या. "ह्याला बांधून दाखवू का, ह्यालाच?"

"ही काढल्यावर काय करता?" कुणीतरी विचारलं.

"कुंडीत लावतो आणि फाटकापाशी विकायला ठेवतो. आत्ताही आहेत की मागच्या वर्षीची."

ताईंच्या हातातला जोर एकदम गेला. ते मला मनगटातून कळलं.

परतायच्या वेळी फाटकापाशी एक लांब टेबल होतं, त्यावर रोपांच्या काळ्या पिशव्या, बाजूला देणगीची पेटी. टेबलाच्या कोपऱ्यात एकच कवठी चाफा, गुडघ्याएवढा, चांगला तजेलदार. ताई त्याच्यासमोरून गेल्या, परत आल्या, परत गेल्या.

"घ्या की," मी म्हटलं.

"विकतचं आहे."

"त्याच झाडाचं कलम आहे, ताई. गुटीचं काय सांगता येतंय? हे तर समोर आहे."

"असेल. पण मेलं तर?" मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अजून एक वाळताना मला बघवणार नाही गं. त्यापेक्षा नकोच."

ताई असं बोलत नाहीत.

टेबलामागे बसलेला गाइड त्यांच्या फेऱ्या बघत होता. "बांधून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या आणि लांब जाऊन समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्याने मला हळूच विचारलं, "त्यांना पाहिजे की नको?"

"पाहिजे. पण विकत नको."

"असंच देतो मग. एक रोप काय."

"दिलेलं तर मुळीच नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ताईंच्या पाठीकडे बघितलं, मग पेटीकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आमची आई," तो म्हणाला, "शेजारणीकडून मिरचीचं रोप पण असंच आणते. शेजारीण आधी विहिरीवर निघून जाते."

त्याने उठून छत्री उघडली, ती स्वतःच्या आणि टेबलाच्या मधे धरली आणि माइक चालू करून समुद्राला सांगितलं, "मी आता बोट आली का ते बघायला चाललोय. बराच वेळ इकडे बघणार नाही."

चूक एवढीच झाली की माइकचा आवाज सगळीकडे पोचत होता. हे ताईंनी ऐकलं तसं अख्ख्या महिला मंडळाने ऐकलं. आणि मुलुंडच्या बायकांना असं वाक्य दोनदा सांगावं लागत नाही.

पुढचं दृश्य मला अजून स्वप्नात दिसतं. कुणी धावलं नाही. सगळ्या अगदी सहज, हवा खात, टेबलाकडे सरकल्या. पदर फिरले, ओढण्या सरसावल्या, पिशव्यांची तोंडं उघडली. पेटीत नोटा कोंबल्याचे आवाज येत होते आणि नोटा घालताना प्रत्येकजणी मोठ्याने "देणगी हं" म्हणत होती. कोपऱ्यातल्या कवठी चाफ्याकडे कांदावाल्या बाईंचा हात गेला. मी बाजूने दुसरी चक्कर येण्याच्या तयारीत होते. पण ताईंनी त्यांच्या कोपराखालून हात घातला आणि चाफा पदराआड गेला. साठीतल्या बाईची ती चपळाई बघून मला आमच्या घराण्याचा अभिमान वाटला.

गाइड वळला तेव्हा टेबल लख्ख रिकामं होतं आणि पेटीचं झाकण बसत नव्हतं.

"कुणी काही घेतलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," सगळ्या म्हणाल्या.

परतीच्या बोटीत कुणी कुणाच्या पिशवीकडे बघितलं नाही. पिशव्यांतून पानं हलत होती. ताईंनी चाफा मांडीवर घेऊन वर पदर धरला होता, तान्ह्या बाळावर धरावा तसा, आणि शिडकावा आला की पाठ करत होत्या. धक्क्यावर उतरताना गाइडने त्यांना हात दिला. त्या पायरीवर थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि सवयीने म्हणायला लागल्या, "थँ..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"सांभाळून, मावशी," तो म्हणाला. "मी काही दिलेलं नाही बरं का. लक्षात असू दे."

तो चाफा जगला. पावसाळ्यात त्याला नवी पानं आली आणि गणपतीत एका संध्याकाळी ताईंचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाल्या. मी गेले, तर बाल्कनीतला दिवा बंद करून त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी दुसरी खुर्ची ओढली. वास येत होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मी पण गप्प बसले. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही.

बोटी पुन्हा सुरू झाल्यावर ताईंनी सहलीचं परत काढलं.

"आता कशाला?" मी म्हटलं. "झाड आलं ना?"

"गुटी बांधलीय मी तिथे. माझी आहे ती."

तोच गाइड होता. त्याने आम्हाला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. झाडापाशी आलो, तर बुटक्या फांदीवर पुडी नव्हती. फांदी खालून स्वच्छ कापलेली.

"माळ्याने काढली का?" ताईंनी अगदी सहज विचारलं.

"माळी म्हणतो, मी बांधलीच नव्हती," गाइड म्हणाला. "सप्टेंबरात कुठल्या तरी सोसायटीची सहल येऊन गेली. त्यानंतर नाही दिसली. चोरली कुणीतरी." आणि तो ताईंकडे बघत राहिला.

मला वाटलं आता ताई भडकणार. पण त्यांनी कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग जगेल ती," त्या म्हणाल्या.

आम्ही पुढे निघालो. चार पावलं गेल्यावर ताई थांबल्या, मागे वळल्या आणि गाइडला म्हणाल्या, "आणि सैल बांधली नव्हती."

त्याने पिवळी छत्री उघडली आणि बोट कुठे आली ते बघायला लागला.