टेबल थरथरत होते

मार्गशीर्षातला सोमवार: माझ्या पत्नीच्या छातीचा सीटी स्कॅन. जबाबदार, स्कॅन केंद्राचे मालक. त्याच आठवड्यातला बुधवार: पुसट चित्र पाहून ‘क्षय’ असे निदान. जबाबदार, थुंकी तपासण्याचीही तसदी न घेणारे डॉक्टर. पुढचे तीन महिने: नसलेल्या क्षयाच्या गोळ्या. जबाबदार, वरील दोघे आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा मी.

धामणकर नाक्यामागच्या या केंद्राची एक भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून आहे. लूम चालू असले की तपासणीचे टेबल थरथरते आणि चित्र पुसट येते. खोकला थांबेना, म्हणून पत्नीला घेऊन मी पुन्हा गेलो, तेव्हा यंत्र चालवणारा हसत म्हणाला, “काका, शुक्रवारी यायचं ना! जुम्मे को लूम बंद रहता है. मालकांच्या घरचे शुक्रवारीच येतात.”

“म्हणजे सोमवार आम्हा येड्यांचा होय रे?” पत्नीने विचारले.

शुक्रवारच्या चित्रात फुप्फुसातली गाठ स्वच्छ दिसली. आता शस्त्रक्रियेची वेळ उरली आहे की नाही, हे सर्जनही सांगत नाहीत.

याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. निष्काळजी माणसाला धोका ठाऊक नसतो. या मालक महाशयांना तो वारासकट ठाऊक होता. मी त्यांना तीन पत्रे लिहिली. उत्तरादाखल पाडव्याचे शुभेच्छापत्र आले.

शुभेच्छा नकोत. मालकांनी नाक्यावर उभे राहून सर्वांसमक्ष सांगावे: लूम चालू असताना ज्यांच्या छातीची चित्रे काढलीत, त्यांना परत कधी बोलावणार?