सध्याचा वापर : निरंक

आमच्या पुरातत्त्वाच्या ऑफिसात जमीन वीतभर उकरायची झाली तरी परवाना लागतो. उत्खननाचा वेगळा, आणि नुसतं गावोगाव फिरून बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे तर सर्वेक्षणाचा वेगळा. सात वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासले, त्रुटी काढल्या, परत पाठवले. त्या हिवाळ्यात सर्वेक्षणाच्या परवान्यावर पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव आलं आणि मी हवेतच होते. चामोर्शीच्या बसमध्येच मी नोंदीच्या फॉर्ममधले सोपे रकाने भरून टाकले. तालुका, जिल्हा, मालकी वनविभाग. 'सध्याचा वापर' या रकान्यात 'निरंक'. जागा अजून पाहिलीही नव्हती. पण आमच्याकडे तो शब्द हाताला इतका बसलाय की लिहिताना विचार करावाच लागत नाही.

गावाबाहेर धानाच्या बांध्या संपून मोहाची झाडं सुरू होतात तिथे ते दगड उभे होते. काही कमरेएवढे, काही माझ्याहून उंच, आणि सगळे एका ओळीत. एकवीस! मी चक्क ओरडले. पहिल्या दगडांवर शेवाळ वाळून घट्ट बसलं होतं, पायथ्याशी काळी-तांबडी खापरं विखुरली होती. तशी खापरं म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांमागची माणसं, आणि हे दगड त्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी उभारलेले. मी टेप घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते, आकडे लिहिताना माझं अक्षर मलाच लागत नव्हतं.

मग चुन्याची फक्की घेतली आणि हद्द आखायला लागले. जागा संरक्षित करावी असा प्रस्ताव पाठवायचा, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. एकदा संरक्षित झाली की तिथला दगड हलवता येत नाही आणि नवा आणून उभा करता येत नाही. मी सढळ हाताने सगळी रांग आत घेतली, तिच्या टोकाची मोकळी जागासुद्धा.

एक म्हातारी बाई केव्हाची मोहाखाली उभी राहून बघत होती. मोकळ्या जागेवर फक्की पडली तशी ती पुढे आली.

"इथी काऊन रेघ मारून राह्यली, पोरी?"

"जागा राखायला, बाई. आता इथे कोणाला काही करता येणार नाही."

"माया बुढ्याचा गोटा तं इथीच उभा होणार हाय. धान चुरून झाले का."

बुढा म्हणजे तिचा नवरा आणि गोटा म्हणजे दगड, एवढं मला कळलं. मी हसले. तिला समजावून सांगू लागले की हे फार जुन्या लोकांचं आहे. तिने माझं मनगट धरलं आणि मला रांगेच्या टोकापासून मागे चालवत नेलं. हा शेवटचा तिचा दीर. त्याच्याजवळ सासरा. मग चुलत सासू. सहा दगडांची नावं तिने सांगितली. त्यामागच्या पंधरांची नावं आता कोणाला ठाऊक नव्हती.

"पर हायेत आमचेच," ती म्हणाली.

जी रीत मी पुस्तकात संपलेली म्हणून वाचली होती, ती इथे बंदच पडली नव्हती! जुन्या आणि नव्या दगडांचा धागा खरोखर एकच आहे का, हे कधीतरी उत्खनन झालं तर कळेल. पण त्या घडीला मला पुराव्याचं काही पडलं नव्हतं. मी तिथूनच ऑफिसात साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "नवे वगळा. पंधराव्यापाशी हद्द तोडा."

किती सोपं! मी जुनी रेघ पुसली, पंधराव्या आणि सोळाव्या दगडाच्या मधून नवी मारली आणि बाईंना म्हटलं, "झालं. तुमची जागा मोकळी."

बाई त्या नव्या रेघेकडे बघत राहिल्या.

"म्हंजे माया बुढा आपल्या जुन्या लोकाइपासून तोडला का?"

मला आधी त्यांचाच राग आला. एवढी धावपळ केली ती कोणासाठी? मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. ती रेघही मी चपलेने पुसून टाकली. फॉर्म काढला, 'निरंक' खोडलं आणि लिहिलं : मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची प्रथा चालू. पूर्ण रांग एकच. टोकाची जागा राखलेली.

साहेबांना फोनवर वाचून दाखवलं.

"असा प्रस्ताव मंजूर व्हायचा नाही."

"नको होऊ दे, साहेब. मी पाठवतच नाही. पण नोंद अशीच जाईल."

साहेब म्हणाले, "खाडाखोडीवर सही करा."

धान चुरून झाल्यावर, म्हणजे मळणी आटोपल्यावर, मला गावातून निरोप आला. मी रजा टाकून गेले. पहारी लावून, दोर ओढून माणसांनी दगड उभा केला, माती ठोकून घट्ट केली. बाई जवळ गेल्या, दगडावर तळवा ठेवला आणि गोंडीत काहीतरी म्हणाल्या. बाया हसल्या. त्यांचे स्वतःचे डोळे मात्र भरले होते.

मी विचारलं, "काय म्हणालात, बाई?"

"म्हटलं त्याले, जरासा सरकून बस. बाजूची जागा मायी हाय."